मोखा बंदर, बुंद आणि मलिक अंबर

'कॉफी' हा शब्द घरोघर रूढ होण्यापूर्वीं मराठींत तिच्या बियांस 'बुंद' म्हणत. अरबी 'बुन्न' आणि इथिओपियांतील 'बुन्ना' यांच्याच कुळींतला हा शब्द होय.

कॉफीचें झाड मूळचें इथिओपियाच्या नैर्ऋत्य भागांतील अरण्यांतलें. तांबडा समुद्र ओलांडून तें येमेनांत गेलें, तेथील डोंगरउतारांवर रुजलें, आणि मोखा हें बंदर त्याच्या व्यापाराचें केंद्र बनलें. १६१४ ते १६१६ या काळांत पीटर व्हान डेन ब्रूक नांवाचा डच व्यापारी अरबस्तानच्या किनाऱ्यावर व्यापारानिमित्त हिंडत होता. त्या सफरींत त्यानें एक ऊन, काळें पेय चाखलें व त्याची नोंद करून ठेवली. कॉफीची चव घेणाऱ्या अगदीं पहिल्या डचांत त्याची गणना होते.

१६१७ सालीं गुजरातच्या किनाऱ्यावर त्याचें जहाज फुटलें. तेव्हां तो सुरतेहून खुष्कीच्या मार्गानें मच्छलीपट्टणास निघाला. वाटेंत निजामशाही मुलखांत त्याला मलिक अंबर भेटला. हा हबशी सरदार लहानपणीं मोख्यास गुलाम म्हणून विकला गेला होता, ही हकीकतही ब्रूकनें टिपून ठेविली आहे.

अंबराचा जन्म १५४८ च्या सुमारास दक्षिण इथिओपियांत, म्हणजे कॉफीच्या मायभूमीच्या शेजारींच, झाला. मोख्याहून बगदाद व तेथून दक्खन असा त्याचा प्रवास झाला. १६०० सालीं अहमदनगरचा किल्ला मोंगलांनीं घेतला, तरी त्यानें निजामशाही तगवून धरली. १६१० सालीं त्यानें वसविलेली खडकी म्हणजेच आजचें छत्रपति संभाजीनगर. तेथील नहर त्याच्याच काळची. १६२४ च्या भातवडीच्या लढाईंत शहाजीराजे त्याच्या बाजूनें लढले. १६२६ सालीं तो मृत्यु पावला. त्याची कबर खुलताबादेस आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस डचांनीं मलबारांतून कॉफीचीं रोपें जाव्हांत नेलीं. पुढें तेथील रयतेकडून तें पीक सक्तीनें काढविलें गेलें, आणि युरोपच्या पेल्यांत तें स्वस्त झालें.

ब्रूकच्या टिपणांत पेयाची चव आणि माणसाची विक्री या दोन्ही गोष्टी आहेत, आणि दोहोंच्या मुळाशीं एकच देश व एकच समुद्र आहे. पहिली तेवढी आठवून दुसरी विसरणें म्हणजे कॉफीचा अर्धाच हिशेब मांडणें होय.