बादली, वही आणि बीन्सचा डबा

१ मे २००० रोजी व्हाइट हाउसमधून राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांचं एक छोटं निवेदन निघालं. जीपीएस उपग्रहांच्या नागरी संदेशात लष्कर मुद्दाम मिसळत असलेली चूक त्या मध्यरात्रीपासून थांबेल, असं त्यात जाहीर केलं होतं. तिकडची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडची २ मेची सकाळ, साडेनऊचा सुमार. आदल्या दिवसापर्यंत आमच्या मोहोळात नागनाथाच्या देवळापुढे उभं राहून कोणी यंत्र पाहिलं असतं, तर त्याने पलीकडची आळी दाखवली असती. शंभर मीटरपर्यंतचा फरक गृहीतच धरलेला असे. त्या सकाळनंतर हा फरक दहा पटींपर्यंत घटला.

या निर्णयातून पुढे एक खेळ जन्माला आला. कुठेतरी डबा लपवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, शोधणाऱ्याने आतली एखादी वस्तू घ्यायची आणि आपली एक ठेवायची. याला जिओकॅश म्हणतात. यातले काही डबे एकाच वस्तूच्या अदलाबदलीसाठी राखलेले असतात. कुठे फक्त पुस्तकं, तर कुठे थंड पेयाच्या डब्यावर चढवायची स्पंजाची किंवा रबरी वेष्टनं, ज्यांना अमेरिकेत कूझी म्हणतात. हा अदलाबदलीचा नियम आला कुठून, हे शोधायला फार खोल जावं लागत नाही. मूळ मजकूर शिल्लक आहेत.

ते युझनेटच्या उपग्रह-दिशादर्शन चर्चागटातले आहेत. ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर या संगणक सल्लागाराने तिथे आधी कल्पना मांडली आणि त्याच दिवशी डबा ठेवून झाल्याचं कळवलं. दुसरा मजकूर जेमतेम काही ओळींचा आहे, पण इतिहास लिहिणाऱ्याला तो पुष्कळ देतो. जागा ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळची, ४५ अंश १७.४६० मिनिटं उत्तर, १२२ अंश २४.८०० मिनिटं पश्चिम. काळी प्लास्टिकची बादली, बरीचशी जमिनीत पुरलेली. आत डेलॉर्म कंपनीचं नकाशांचं सॉफ्टवेअर, व्हिडिओ, पुस्तकं, खाद्यपदार्थ, पैसे आणि एक गलोल. सूचना अशी की थोडं घ्यावं, थोडं ठेवावं आणि सगळं वहीत लिहावं.

त्या आकड्यांपाशी मी जरा थांबतो. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेत १.८५ मीटर. पूर्व-पश्चिम दिशेत हे अंतर अक्षांशानुसार बदलतं: ऑरेगनच्या त्या जागी १.३ मीटर, मोहोळच्या अक्षांशावर पावणेदोन मीटर. उल्मरने दिलेले दोन्ही आकडे शून्यावर संपतात. हा योगायोग असू शकतो. पण त्याने ते शंभराव्या भागापर्यंतच धरले असावेत, असं मला जास्त पटतं. मिनिटाचा शंभरावा भाग उत्तर-दक्षिण साडेअठरा मीटर भरतो आणि त्या आठवड्यात यंत्राची अचूकताही जवळपास तेवढीच होती. म्हणजे यंत्र शोधणाऱ्याला झाडीपर्यंत नेणार, पुरलेली बादली मात्र त्याला स्वतःच्या डोळ्यांनीच हुडकावी लागणार. खेळातली गंमत या उरलेल्या वीस मीटरांत आहे आणि ती पहिल्या दिवसापासून होती.

६ मे रोजी माइक टीग हा पहिला शोधणारा तिथे पोहोचला. इतरांनी लपवलेल्या डब्यांचे आकडेही तोच आपल्या वेब पानावर गोळा करू लागला. ३० मे रोजी मॅट स्टम याने ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवलं. २ सप्टेंबरला जेरेमी आयरिशने जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केलं, तेव्हा नोंदवलेले डबे अवघे ७५ होते.

मूळ सामानाचं काय झालं? उल्मरच्या मजकुरात नुसता ‘खाद्यपदार्थ’ असा उल्लेख आहे. ते बीन्स होते हे आपल्याला कळतं ते डबा उरल्यामुळे. तो पुढे मागोवा-क्रमांक लावून खेळाडूंच्या मेळाव्यांतून फिरवला गेला. २००३ मध्ये मूळ जागी स्मृतिफलक बसवला गेला. आजच्या नियमांची फूटपट्टी लावली तर मात्र ही पहिली बादली दोनदा नापास होते: जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय डबा पुरता येत नाही आणि खाण्याच्या वस्तू ठेवता येत नाहीत, कारण वासाने जनावरं येतात. राहिल्या त्या वही आणि अदलाबदल. त्यांत भर पडली ती एका रिवाजाची, की घेतलं त्याच्या तोडीचं किंवा त्याहून चांगलं ठेवावं.

या रिवाजाला कूझी फार सोयीची आहे. ती चपटी होते, वजनाला नगण्य असते, ओलीने सहसा बिघडत नाही आणि एकीची किंमत दुसरीएवढीच असते, त्यामुळे तोडीचा प्रश्नच उरत नाही. तिचाही कागद आहे: १९८१ मध्ये आयडाहोच्या बॉनी मॅगॉ यांना अशा वेष्टनाचं पेटंट मिळालं. तिचं खरं काम काय, हे मात्र वॉशिंग्टन विद्यापीठातले डेल डुरान आणि डार्गन फ्रीअरसन यांनी २०१३ मध्ये नीट मांडलं. गार डब्याला घाम फुटतो तेव्हा हवेतली वाफ पाणी होताना उष्णता सोडते. दमट हवेत डबा तापतो तो प्रामुख्याने या उष्णतेने. डब्यावर दशांश मिलिमीटरचा थर जमला तरी आतलं पेय जवळपास पाच अंश सेल्सिअसने तापतं. हिशेब मी करून पाहिला: साडेतीनशे मिलिलिटरच्या डब्यावर असा थर सुमारे तीन ग्रॅमचा होतो आणि उत्तर जुळतं. वेष्टन हा घाम फुटू देत नाही.

मोहोळच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हा घामच कमी, म्हणून कूझीचा फायदाही कमी. आपल्याकडे माठाभोवती ओलं गोणपाट गुंडाळतात, प्रवासात कापडी छागल टांगतात. तिथे पाण्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. एका वेष्टनाने पाणी जमू द्यायचं नाही, दुसऱ्याने ते उडू द्यायचं. पावसाळ्यात मात्र कूझी इथेही कामाला येईल.

अभ्यासक म्हणून मला या वेष्टनांत आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. ती बहुधा जाहिरातीसाठी किंवा समारंभासाठी छापलेली असतात: दुकानाचं नाव, गाव, लग्नाची तारीख, क्रीडामंडळाचं वर्ष. वहीत खेळाडू टोपणनाव आणि दिवस लिहितो, पण कूझी कुठून आली ते तिच्या अंगावरच असतं. दोन्ही जुळवले तर कोणत्या वर्षी कोणत्या गावची माणसं त्या वाटेने गेली, हे मांडता येतं. अडचण एवढीच की अदलाबदलीत ती निघून जाते आणि पुरावाही तिच्यासोबत जातो. म्हणून असा डबा सांभाळणाऱ्याने प्रत्येक फेरीला आतल्या कूझींवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवावा, छायाचित्र काढावं आणि वही भरली की ती फेकून न देता वर्ष घालून बांधून ठेवावी.