प्रवाहातील चुंबकीय द्रवाचे थेंब

चुंबकीय द्रव म्हणजे चुंबकीय पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांचे वाहक द्रवातील स्थिर कलिल होय. असा द्रव त्याच्यात न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रवातून थेंबांच्या रूपात वाहत असताना थेंबांचा आकार, कल व फुटण्याची शक्यता बाह्य चुंबकीय क्षेत्राने बदलता येते. थेंबाच्या पृष्ठभागावर पृष्ठक्रियाकारक असल्यास पृष्ठताण सर्वत्र सारखा राहत नाही आणि थेंबाचे वर्तन गुंतागुंतीचे होते.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या नासा या संस्थेतील स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ मध्ये चुंबकीय द्रव तयार केला. वजनरहित अवस्थेत अग्निबाणाचे इंधन चुंबकाच्या साहाय्याने पंपाच्या तोंडाकडे खेचता यावे, हा त्यामागील हेतू होता. या द्रवातील कण बहुधा मॅग्नेटाइटचे व सुमारे १० नॅनोमीटर व्यासाचे असतात. त्यांच्यावरील ऑलिइक आम्लासारख्या पृष्ठक्रियाकारकाच्या आवरणामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. थेंबाच्या पृष्ठभागावरील पृष्ठक्रियाकारकाचे कार्य याहून वेगळे असते; तो दोन द्रवांमधील पृष्ठताण कमी करतो.

चुंबकीय क्षेत्राचा परिणाम

एकसमान क्षेत्रात थेंब क्षेत्राच्या दिशेने लांबट होतो, तर पृष्ठताण त्याला गोल ठेवू पाहतो. चुंबकीय बल व पृष्ठताण यांच्या गुणोत्तरास चुंबकीय बाँड अंक म्हणतात. प्रवाहामुळे निर्माण होणारे श्यान बल व पृष्ठताण यांचे गुणोत्तर म्हणजे केशिका अंक होय. प्रवाहातील थेंबांच्या विरूपणाचा पायाभूत अभ्यास जी. आय. टेलर यांनी १९३० च्या दशकात केला.

द्रवाचे थर एकमेकांवरून सरकत असतात, अशा कर्तन प्रवाहात थेंब ताणला जातो. प्रवाह मंद असल्यास त्याचा कल प्रवाहाच्या दिशेशी सुमारे ४५° असतो. क्षेत्र प्रवाहाला समांतर असल्यास हा कल कमी होतो. सरकणाऱ्या थरांना लंब असल्यास थेंब अधिक उभा होतो. लांबट थेंब क्षेत्राशी तिरपा असताना त्याच्यावर चुंबकीय आघूर्णही कार्य करते.

पृष्ठक्रियाकारकाचा परिणाम

पृष्ठक्रियाकारकाचे तीन परिणाम एकाच वेळी घडतात :

१. प्रवाहामुळे पृष्ठक्रियाकारक थेंबाच्या टोकांकडे वाहून जातो. तेथील पृष्ठताण घटून टोके अधिक ताणली जातात.

२. थेंब लांबल्यामुळे त्याचे पृष्ठफळ वाढते. त्यामुळे पृष्ठक्रियाकारक विरळ होऊन पृष्ठताण पुन्हा काहीसा वाढतो.

३. पृष्ठताणातील फरकामुळे मारांगोनी प्रतिबल निर्माण होते. ते कमी पृष्ठताणाकडून अधिक पृष्ठताणाकडे कार्य करते व पृष्ठभागावरील प्रवाहास विरोध करते.

चुंबकीय क्षेत्र थेंबाचा आकार व कल बदलत असल्याने पृष्ठक्रियाकारकाची वाटणीही अप्रत्यक्षपणे बदलते. म्हणून दोन्ही परिणामांची केवळ बेरीज करून थेंबाच्या वर्तनाचे अचूक भाकीत करता येत नाही.

महत्त्व

थेंबांचा आकार व कल यांवर संपूर्ण पायसाची परिणामी श्यानता अवलंबून असते. त्यामुळे पायसाला स्पर्श न करता, केवळ क्षेत्राची तीव्रता किंवा दिशा बदलून त्याची श्यानता बदलणे शक्य होते. सूक्ष्म नलिकांमधील थेंब हलवणे, जोडणे किंवा विभागणे यांसाठीही हे ज्ञान उपयुक्त आहे.