मुक्कामाची जबाबदारी कोणाची?

काही वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात उत्तर भारतातील एका विमानतळावर मला अनपेक्षितपणे रात्र काढावी लागली. साडेनऊचे विमान आधी अकराला, मग एकला जाईल असे सांगण्यात आले आणि अखेर फलकावर 'पुढील सूचनेपर्यंत' एवढेच शब्द उरले. धुके इतके दाट होते की काचेपलीकडचे दिवेही दिसेनासे झाले. मध्यरात्रीपर्यंत खुर्च्या भरल्या, मग भिंतीलगतची जमीनही भरली. माझ्या शेजारी एक वृद्ध दांपत्य होते. आजोबा मधुमेही, जेवणाची वेळ टळून गेलेली. आजींनी मला विचारले, "इथे रात्रीच्या वेळी माणसांकडे बघतं कोण?"

प्रशासनात इतकी वर्षे काढूनही मला उत्तर देता आले नाही. कंपनीचा कर्मचारी म्हणाला, हवामान आमच्या हातात नाही. विमानतळाचा कर्मचारी म्हणाला, प्रवासी कंपनीचे, कंपनीशी बोला. दारावरचा जवान म्हणाला, माझे काम सुरक्षेचे. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या कागदापुरते बरोबर होते. आजोबांसाठी बिस्किटांचा पुडा आणि चहा मिळाला तो एका सहप्रवाशाच्या पिशवीतून. रात्र सरली, विमान सकाळी सुटले. प्रश्न मात्र मनात राहिला आणि त्याचे उत्तर शोधताना मी इतिहासाकडे वळलो.

आपल्या देशात वाटसरूच्या मुक्कामाचा प्रश्न फार जुना आहे. सम्राट अशोकाने सातव्या स्तंभलेखात रस्त्याकडेला लावलेली झाडे, खोदलेल्या विहिरी आणि बांधलेली विश्रामस्थाने यांचा उल्लेख आवर्जून केला आहे. शेरशाह सूर याची कारकीर्द १५४० ते १५४५ अशी जेमतेम पाच वर्षांची. पण अब्बास खान सरवानी या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, त्याने हमरस्त्यांवर दर दोन कोसांवर सराई बांधली. तिथे हिंदू व मुसलमान प्रवाशांची स्वतंत्र सोय असे, पाणी, खाट व अन्न मिळे आणि डाकेचे घोडेही तिथेच बांधलेले असत. म्हणजे सराई ही एकाच वेळी धर्मशाळाही होती आणि सरकारी कचेरीचा भागही. पुढे अहिल्याबाई होळकरांनी आपल्या खासगीच्या उत्पन्नातून देशभरच्या तीर्थक्षेत्री घाट व धर्मशाळा उभारल्या, हे तर सर्वश्रुतच आहे.

इंग्रजी अमलात या व्यवस्थेला कायद्याचे रूप आले. १८६७ च्या सराई अधिनियमाने प्रत्येक सराईची नोंद जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे करणे बंधनकारक केले. सराईवाल्याने खोल्या, ओसऱ्या व पाण्याच्या जागा स्वच्छ ठेवाव्यात, भिंती व दरवाजे दुरुस्त ठेवावेत, पुरेसे पहारेकरी नेमावेत आणि दरपत्रक लावावे, अशी कर्तव्ये त्यात नेमून दिली होती. या कायद्यामागे राज्यकर्त्यांची पाळत ठेवण्याची दृष्टीही होती, हे नाकारता येणार नाही. तरी प्रवाशाच्या रात्रीबद्दल विचारायचे कोणाला, हे त्यात स्पष्ट होते. डाक बंगल्यांचेही तसेच. तिथे आलेल्या प्रवाशाला साधारणपणे चोवीस तास राहण्याचा हक्क असे. त्यानंतर नवा प्रवासी आला तर त्याला जागा करून द्यावी लागे. खानसामा नेमलेला असे आणि शेरे लिहिण्यासाठी वही ठेवलेली असे.

आता विमानाकडे येऊ. आज चमत्कारिक वाटेल, पण आरंभीच्या काळात विमानप्रवासात रात्रीचा मुक्काम हा अपघात नव्हताच. तो वेळापत्रकाचाच भाग होता. मार्च १९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेजची लंडन ते कराची सेवा सुरू झाली. हा प्रवास सुमारे आठवडाभराचा होता. रात्री उतरण्यासाठी दिवे नव्हते, दिशादर्शक यंत्रणा अपुरी होती, म्हणून संध्याकाळ झाली की विमान खाली उतरे आणि प्रवासी मुक्कामाला जात. हॉटेल व जेवण यांचा खर्च तिकिटातच धरलेला असे. इराकच्या वाळवंटात रुतबा येथे किल्ल्याच्या तटबंदीच्या आत विश्रामगृह होते. १९३२ मध्ये मार्ग इराणच्या किनाऱ्यावरून अरबस्तानच्या किनाऱ्यावर हलवावा लागला, तेव्हा शारजाच्या शेखांशी करार होऊन तिथे प्रवाशांसाठी किल्ल्यासारखी तटबंद इमारत उभी राहिली. त्या काळी आखातात चलन हिंदुस्थानी रुपयाचे होते आणि तेथील ब्रिटिश रेसिडेंट हिंदुस्थान सरकारच्या कक्षेत काम करीत असे. शारजाच्या त्या इमारतीत आज संग्रहालय आहे.

आपल्या देशातही आरंभ असाच झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूच्या धावपट्टीवर, टपाल आणले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते पुढे मद्रासला नेले, पण वाटेत बेल्लारीला रात्रीचा मुक्काम करूनच. विमान कितीही वेगवान असले तरी सूर्यास्तापुढे त्याचे काही चालत नव्हते.

ही मर्यादा ओलांडण्याचा मोठा प्रयत्न स्वातंत्र्यानंतर झाला आणि त्याचे केंद्र होते नागपूर. तत्कालीन दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांच्या पुढाकाराने जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून संध्याकाळनंतर निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या पिशव्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई व पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. रात्री उतरण्याच्या सोयी पुरेशा नसताना हे धाडस करू नये, असे टाटांचे मत होते. पुढे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील हवाई वाहतूक चौकशी समितीने १९५० मध्ये अहवाल दिला आणि १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. वाद कसेही झाले असोत, विमानाने रात्र जिंकली.

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. रात्र जिंकल्याबरोबर मुक्काम वेळापत्रकातून गेला आणि त्याबरोबर मुक्कामाची व्यवस्थाही गेली. विमानतळ ही केवळ पुढे जाण्याची जागा ठरली. तिथे दुकाने आली, फलक आले, तपासणी आली. पण रात्र काढायची वेळ आली तर काय, याचा धनी कोणी राहिला नाही. धुके, वादळ व पाऊस मात्र कुठे गेले नव्हते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईचा विमानतळ तीस तासांहून अधिक काळ बंद राहिला. मुक्काम कागदावरून पुसला गेला होता, वास्तवातून नव्हे.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न आपल्याकडे २०१० मध्ये झाला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ऑगस्ट २०१० मध्ये नियम काढून विलंबाच्या प्रसंगी खाणेपिणे आणि चोवीस तासांहून अधिक विलंब झाल्यास हॉटेलची सोय कंपनीवर बंधनकारक केली. नंतरच्या सुधारणेत रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणाऱ्या विमानास सहा तासांहून अधिक विलंब झाला तरी हॉटेलची सोय करावी, अशी तरतूद आली. नियम चांगला आहे. पण त्यात एक अपवाद ठेवला गेला. विलंब असाधारण परिस्थितीमुळे झाला असेल आणि शक्य ते सर्व करूनही तो टळला नसता, तर ही बंधने कंपनीस लागू होत नाहीत. विमानतळावर रात्र काढण्याची पाळी बहुधा धुक्यामुळे किंवा वादळामुळेच येते. म्हणजे ज्या रात्री नियमाची गरज सर्वाधिक, नेमक्या त्याच रात्री तो बाजूला उभा राहतो!

युरोपीय संघाने २००४ च्या नियमात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. असाधारण परिस्थितीत नुकसानभरपाई माफ होते, देखभालीचे कर्तव्य मात्र माफ होत नाही. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश बंद केले. त्यातून उद्भवलेल्या एका खटल्यात युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये निःसंदिग्ध निर्णय दिला की, अडकलेल्या प्रवाशाच्या जेवणाची व निवाऱ्याची जबाबदारी कायम राहते. यात कंपनीवर मोठा भार पडतो, तो शेवटी तिकिटाच्या दरात उतरतो, हा आक्षेप खोटा नाही. पण इम्पीरियल एअरवेजच्या तिकिटातही तो भार होताच. फरक इतकाच की तो आधीच मोजलेला होता.

भरपाई ही दोषाशी बांधलेली असते आणि देखभाल गरजेशी. प्रशासनात या दोहोंची गल्लत झाली की चौकशी पूर्ण होईपर्यंत माणूस उपाशी राहतो. पूर आला की आपण तहसीलदाराला आधी अन्नछत्र उघडायला सांगतो, पंचनामा नंतर होतो. विमानतळालाही हाच न्याय लावायला काय हरकत आहे? खर्च कंपनी, विमानतळचालक व शासन यांनी कसा वाटून घ्यावा, हे आधी बसून ठरवता येईल. पण प्रत्येक विमानतळावर, प्रत्येक रात्री, जिच्याकडे बोट दाखवता येईल अशी एक नेमलेली व्यक्ती असलीच पाहिजे.

जानेवारी २०२४ मध्ये धुक्यामुळे मुंबईकडे वळवलेल्या एका विमानातील प्रवासी विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवत असल्याचे चित्र साऱ्या देशाने पाहिले. त्यानंतर नोटिसा निघाल्या, महानगरांच्या विमानतळांवर नियंत्रण कक्षही नेमले गेले. हे योग्यच झाले. पण ते चित्र पाहताना मला त्या आजी आठवल्या. शेरशाहच्या सराईत उतरलेल्या वाटसरूला 'तू का अडकलास?' असे कोणी विचारत नसावे. तो आला आहे आणि रात्र झाली आहे, एवढे कारण पुरेसे होते.