घरात शिरलेली संध्याकाळ

वजन वाढणे हा विषय तसा डॉक्टरांचा आणि आहारतज्ज्ञांचा. मी इतिहासाचा विद्यार्थी. पण माणसाचे शरीर हेही एक दप्तरच असते. तो कोणत्या काळात, कोणत्या गावात, कसा राहिला याच्या नोंदी त्यात होत असतात. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या माणसांच्या कमरेचा घेर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत का वाढला, असा प्रश्न विचारला तर उत्तराचा एक धागा थेट आपल्या दिवाणखान्यात सापडतो. तिथे भिंतीजवळ टीव्ही असतो.

आधी टीव्ही येण्यापूर्वीची संध्याकाळ पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत पोचली. तेव्हापासून या गावांचे घड्याळ रेल्वेच्या हाती गेले. सकाळी मुंबईला जायचे आणि दिवेलागणीला परतायचे. स्टेशनवर उतरलेला माणूस बहुधा पायीच घरी जाई. वाटेत भाजी घ्यायची, ओळखीचा भेटला की दोन घटका थांबायचे. ठाण्यात मासुंद्याच्या काठी, म्हणजे तलावपाळीला, कोपिनेश्वराचे दर्शन घेऊन एक फेरी मारायची. डोंबिवलीत फडके रस्त्याने गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन यायचे. कल्याणकरांना दुर्गाडीचा वारा होता. पोरे मैदानात असत. मावळी मंडळासारख्या संस्थांनी कबड्डी जोपासली ती याच संध्याकाळच्या वेळात. याला कोणी ‘व्यायाम’ म्हणत नव्हते. ती नुसती संध्याकाळ होती.

या चित्राला सोन्याचा मुलामा द्यायचे मात्र कारण नाही. फेरफटका मुख्यतः पुरुषांचा आणि मुलांचा. बायकांच्या वाट्याला पाणी भरणे, पाटा-वरवंटा आणि धुणे होते. त्यांच्या शरीराला कष्ट होते, पण विश्रांती नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. दिल्लीनंतरचे ते देशातले दुसरे केंद्र. वरळीहून येणाऱ्या लहरी पकडण्यासाठी आपल्याकडच्या गच्च्यांवर आणि कौलांवर अँटेना उगवू लागल्या. संच महाग, त्यासाठी टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे, आणि चाळीत एखाद-दुसऱ्या घरीच तो असे. गंमत अशी, की या पहिल्या टीव्हीने माणसांना फारसे बसवले नाही. ‘छायागीत’ किंवा ‘गजरा’ पाहायचा तर उठून दुसऱ्याच्या घरी जावे लागे. शनिवारी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी, हा आठवड्याचा सण असे. डोंबिवलीच्या चाळीत वाढलेल्या आम्हा मुलांना दाराशी, जमिनीवर, मांडी घालून जागा मिळायची. कार्यक्रम संपला की घरमालकीण दिवा लावी आणि सगळे उठत. टीव्ही संध्याकाळचा पाहुणा होता, अजून घरचा झाला नव्हता.

तो घरचा झाला १९८० च्या दशकात. १९८२ च्या एशियाडच्या वर्षी रंग आले. १९८४ मध्ये ‘हम लोग’ सुरू झाली आणि पुढच्या भागाची वाट पाहायची सवय लागली. १९८३ मध्ये बाजारात आलेली मॅगी या मालिकेची प्रायोजक होती. पडद्यावरची गोष्ट आणि ताटातला पदार्थ यांचे नाते तिथे जुळले. मग जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ आणि ऑक्टोबर १९८८ पासून ‘महाभारत’ आले. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. तरीही तो आठवड्यातला एकच तास होता. तासाभराने पोरे बांबूच्या काडीचे धनुष्य घेऊन अंगणात युद्ध करायला मोकळी असत.

खरा बदल १९९१ नंतरचा. आखाती युद्ध, उपग्रह वाहिन्या, गल्लोगल्लीचे केबलवाले. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला, १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी आली. कार्यक्रम ‘संपणे’ बंद झाले. रिमोटमुळे वाहिनी बदलायलाही उठावे लागेना. आणि २००० नंतर रोजच्या मालिकांनी संध्याकाळी सात ते रात्री दहा हा पट्टा ताब्यात घेतला. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. फेरफटक्याची वेळ आणि जेवणाची वेळ या दोन्हींवर एकाच पाहुण्याने बैठक मारली. ताट स्वयंपाकघरातून उठले आणि पडद्यासमोर आले.

याच सुमारास कल्याण-डोंबिवलीत तासन्‌तास भारनियमन चाले. त्याला आम्ही सगळेच वैतागलो होतो. पण संध्याकाळी दिवे गेले की काय व्हायचे ते आठवा. सोसायटीच्या फाटकाशी माणसे जमत, मुले अंधारात लपाछपी खेळत, म्हातारी माणसे हळूहळू कोपऱ्यापर्यंत चालून येत. दिवे आले की ‘हो’ असा ओरडा व्हायचा आणि दोन मिनिटांत फाटक रिकामे. विजेच्या त्या लपंडावाचे गोडवे मी गाणार नाही. पण संध्याकाळ कुठे गेली होती, हे त्या अंधारात स्पष्ट दिसत असे.

आता प्रश्न असा, की टीव्हीने वजन वाढते हे सिद्ध आहे का? १९८५ मध्ये अमेरिकेत डिट्झ आणि गॉर्टमेकर यांनी मुलांचा टीव्ही आणि त्यांचा लठ्ठपणा यांचा संबंध दाखवला, तेव्हा शंका निघाली की लठ्ठ मुलेच जास्त टीव्ही पाहत असतील. या शंकेला थॉमस रॉबिन्सन यांच्या १९९९ च्या प्रयोगाने उत्तर दिले. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या दोन प्राथमिक शाळा घेतल्या. एका शाळेतल्या तिसरी-चौथीच्या मुलांना टीव्ही आणि व्हिडिओ गेम कमी करायला शिकवले. आधी दहा दिवस पूर्ण बंद, मग आठवड्याला सात तासांचे ‘बजेट’. ना वेगळा व्यायाम सांगितला, ना पथ्य. शालेय वर्षाच्या शेवटी या मुलांची उंचीच्या मानाने वजनवाढ दुसऱ्या शाळेतल्या मुलांपेक्षा कमी भरली. पडद्यासमोर बसून जेवण्याचे प्रसंगही कमी झाले होते.

मोठ्यांचे काय? २००३ मध्ये अमेरिकेतल्या ५० हजारांहून अधिक परिचारिकांच्या सहा वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. रोज टीव्हीसमोरचे दर दोन तास वाढले की लठ्ठपणाचा धोका २३ टक्क्यांनी आणि मधुमेहाचा १४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. उलट रोज तासभर भराभर चालणाऱ्यांत लठ्ठपणाचा धोका २४ टक्क्यांनी कमी होता. कारण सरळ आहे. टीव्हीसमोर शरीर जवळपास झोपेइतकेच स्वस्थ असते, हात मात्र चिवड्याच्या डब्यात असतो, आणि लक्ष दुसरीकडे असल्याने पोट भरल्याचे उशिरा कळते.

आपल्याला हा धोका अधिक का, याचे उत्तर पुण्यात मिळाले. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वरून बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून चरबी साठवत असतो. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी मर्यादा खाली आणल्या. निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन जास्त समजायचे, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत ठेवायचा. वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेपही कामाची, असा याचा अर्थ.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे हेच सांगतात. २५ किंवा त्याहून अधिक निर्देशांक असलेल्या स्त्रियांचे देशातले प्रमाण २००५-०६ मध्ये १२.६ टक्के होते, २०१९-२१ मध्ये ते २४ टक्के झाले. पुरुषांचे ९.३ वरून २२.९ वर गेले. शहरी स्त्रियांमध्ये तर तीनातली एक. याचे सगळे खापर टीव्हीवर फोडता येणार नाही. गोडतेल स्वस्त झाले, रिक्षा दारात आली, मैदाने आक्रसली आणि पदपथावर चालायला जागा उरली नाही.

आणि त्यात आपल्या लोकलची भर. डोंबिवली ते मुंबई सुमारे ४८ किलोमीटर. जलद गाडीनेही तासभर, तोही बहुतेकदा उभ्याने आणि चेंगरून. रात्री आठला घरी आलेल्या बाईला, जिने उतरल्यावर भाजी घेतली, घरी येऊन कुकर लावला, तिला आपण ‘टीव्ही पाहू नकोस, चालायला जा’ असे कोणत्या तोंडाने सांगणार? तिच्या आजीला विश्रांती नव्हती, हे मघाशी म्हटले ते याचसाठी. दिवसभरात स्वतःसाठी बसायची तेवढीच अर्धा-पाऊण तासाची जागा तिला मिळाली आहे. एकट्या राहणाऱ्या आजोबांना तर तोच आवाज सोबतीला असतो. ही सोबत हिसकावून आरोग्य येणार नाही. त्या बाईचे काम घरातल्या इतरांनी वाटून घेतले, तर मात्र तिच्यासाठी बसण्याचा आणि चालण्याचा असे दोन्ही वेळ निघतात. वजनाचा प्रश्न असा घरातल्या न्यायाशी येऊन भिडतो.

२८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा दाखवले गेले आणि कुटुंबे पुन्हा एका संचासमोर बसली. पण तोवर पडदा खिशात शिरला होता. आज घरात चार माणसे आणि चार पडदे. जुन्या टीव्हीला निदान एक जागा होती, मोबाइलला तीही नाही. तो ताटाशीही येतो आणि उशाशीही.

मग करायचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि शाळकरी मुलांसाठी रोज सरासरी तासभर हालचाल सुचवली आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडदा तासाभराहून अधिक नको, असे तिने २०१९ मध्ये सांगितले. हे आपल्या घरात बसवायचे तर तीन गोष्टी पुरे. जेवताना पडदा बंद. पाहायचे ते ठरवून पाहायचे आणि संपले की उठायचे, चाळीतल्या घरमालकिणीने दिवा लावल्यासारखे. आणि संध्याकाळची किंवा सकाळची एक फेरी, शक्यतो सोबतीने. शहराकडेही मागणे आहेच. चालता येईल असा पदपथ आणि मुलांना आरक्षित असलेले मैदान मुलांनाच.

हे जमणार नाही असे मला वाटत नाही. १९९९ मध्ये डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू केली. त्या सकाळी अख्खे गाव, नऊवारीतल्या बायकांसह, काही किलोमीटर हसत चालते आणि कोणाचे गुडघे तक्रार करत नाहीत. वर्षातून एकदा जमते ते आठवड्यातून चारदा का जमू नये?

शेवटी रेडिओची थोडी बाजू घेतो. रेडिओ कान मागतो, डोळे आणि पाय मागत नाही. तो ऐकताना कणीक मळता येते, कपडे वाळत घालता येतात, तलावपाळीला चक्करही मारता येते. तेव्हा पुढच्या आठवड्यातले भाषण, मित्रहो, शक्यतो चालता चालता ऐका.