मालगुडीच्या प्रती

हस्तलिखित पोथ्यांच्या काळी विद्वानांस एक गोष्ट पक्की ठाऊक होती. ती अशी की, एकाच ग्रंथाच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या कधीच नसतात. लेखकु थकतो, ओळ सुटते, समासातील टीप पुढच्या नकलेत मूळ पाठात शिरते, आणि दोन-तीनशे वर्षांनंतर ग्रंथकाराचे शब्द कोणते व नक्कल करणाराचे कोणते, हे सांगणे अवघड होऊन बसते. ज्ञानेश्वरीचे असेच झाले होते, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य हाती घेतले. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते तपासून ते १९६६ साली पूर्णत्वास नेले. एवढा खटाटोप का करावयाचा? तर, जो ग्रंथ आपण वाचतो तो कोणाचा, हे कळावे म्हणून.

मुद्रणयंत्र आल्यावर हा प्रश्न कायमचा मिटला, असे पुष्कळांस वाटले. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दूरचित्रवाणी आली, तिच्या मागोमाग घरोघरी चित्रफिती आणि तबकड्या आल्या, आणि तोच जुना प्रश्न नवा वेष घेऊन पुन्हा दाराशी उभा राहिला. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे बेंगळूरुच्या मातीत जन्मलेली आणि कर्नाटकातील कलावंतांनी पडद्यावर उभी केलेली ‘मालगुडी डेज’ ही मालिका.

मालगुडी हे गाव नकाशावर नाही. आर. के. नारायण यांना ते सापडले १९३० साली, बेंगळूरु नगरीत. विजयादशमीचा मुहूर्त आजीने पाहून दिला, नारायण यांनी एक वही विकत आणली आणि लिहावयास बसले. तेव्हा त्यांच्या मनासमोर प्रथम एक लहानसे रेल्वे स्थानक उभे राहिले, अशी हकीगत त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केली आहे. मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या बेंगळूरुच्या दोन जुन्या वस्त्यांची नावे जोडून मालगुडी हे नाव झाले, असे लोक कौतुकाने सांगतात; ती केवळ लोकांची अटकळ होय. १९३५ साली ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही कादंबरी ग्रॅहम ग्रीन यांच्या साहाय्याने इंग्लंडात प्रसिद्ध झाली, आणि हे नसलेले गाव जगाच्या ओळखीचे झाले.

या गावाला पडद्यावर आणण्याचे काम सोपे नव्हते. नारायण यांच्या ‘गाइड’ या कादंबरीवर १९६५ साली निघालेल्या चित्रपटाने मालगुडी सोडून राजस्थानातील राजवाड्यांची वाट धरली होती, आणि त्याबद्दलची आपली नाराजी लेखकाने लेख लिहून उघडपणे व्यक्त केली होती. सुमारे वीस वर्षांनी निर्माते टी. एस. नरसिंहन् यांनी दूरदर्शनसाठी मालिका काढण्याचे योजिले आणि दिग्दर्शन शंकर नाग यांच्याकडे सोपविले.

शंकर नाग हे नाव मराठी प्रेक्षकांस परके नाही. होन्नावरकडच्या कोंकणीभाषी घराण्यात १९५४ साली जन्मलेला हा तरुण मुंबईस आला आणि तेथील मराठी रंगभूमीवर घडला. चापेकर बंधूंच्या कृत्यावरील ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्याचा वाटा होता. त्याचे थोरले बंधू अनंत नाग हेही मुंबईच्या नाट्यसृष्टीतून पुढे आले. मालिकेत स्वामीच्या वडिलांची भूमिका करणारे गिरीश कार्नाड यांचा जन्म माथेरानचा. शीर्षकाबरोबर झळकणारी रेखाचित्रे लेखकाचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची, त्यांचा ‘सामान्य माणूस’ तर मुंबईकरांच्या सकाळच्या चहाचा सोबतीच होता. अशा रीतीने या कन्नड भूमीतल्या कलाकृतीत महाराष्ट्राचे धागेही विणले गेले.

शिवमोग्गा जिल्ह्यातील आगुंबे हे अतिवृष्टीसाठी प्रसिद्ध असलेले घाटमाथ्यावरचे खेडे मालगुडी म्हणून निवडण्यात आले. कलादिग्दर्शक जॉन देवराज यांनी तेथे गावाची सजावट केली, एस. रामचंद्र यांनी छायाचित्रण केले, एल. वैद्यनाथन् यांनी संगीत दिले. मास्टर मंजुनाथ हा बालनट स्वामी झाला. १९८६ साली तयार झालेल्या या मालिकेचे एकूण ३९ भाग दूरदर्शनवर दाखविण्यात आले. त्यांतील पहिले तेरा भाग इंग्रजी व हिंदी अशा दोन्ही भाषांत सिद्ध झाले, पुढचे केवळ हिंदीत.

येथेच पहिला पाठभेद उद्भवतो. नारायण यांनी लिहिले इंग्रजीत. दूरदर्शनच्या बहुसंख्य प्रेक्षकांच्या कानांत रुजला तो हिंदी स्वामी. आणि ज्या आगुंब्याच्या ओसरीवर हे सारे घडते तेथील घरची भाषा कन्नड. मग मूळ पाठ कोणता मानावा? प्रतपरीक्षा करणारा अभ्यासक म्हणेल की, दोन्ही पाठ मूळच आहेत, कारण ते एकाच कर्त्याच्या हाताखाली सिद्ध झाले. म्हणूनच एखाद्या संचात केवळ हिंदी भाग असतील, तर तो संच ‘संपूर्ण’ म्हणविण्यास पात्र ठरत नाही, मग त्यावरील चित्र कितीही स्वच्छ असो.

दुसरा पाठभेद ‘स्वामी’ या चित्रपटाचा. स्वामीची कथा मालिकेत अनेक भागांतून उलगडते; तीच पुढे एकत्र गुंफून चित्रपटरूपानेही लोकांसमोर आली. भागांचा सलग चित्रपट झाला म्हणजे काय होते, हे इंग्लंडातील एका मालिकेने चांगले दाखविले आहे. ‘डॉक्टर हू’ ही बी.बी.सी.ची मालिका १९६३ साली सुरू झाली. तिची पहिली चित्रफीत १९८३ साली विक्रीस आली, तेव्हा चार भागांची कथा मधली शीर्षके कापून सलग जोडण्यात आली होती. प्रत्येक भाग उत्कंठेच्या ज्या टोकावर थांबत असे ते टोकच त्यामुळे बोथट झाले. रसिकांनी कुरकूर केली, आणि पुढे तबकड्यांवर ते भाग पुन्हा सुटे, शीर्षकांसह मिळू लागले. मालिका म्हणजे केवळ कथा नव्हे. आठवडाभर वाट पाहावयास लावणारा विराम हाही तिच्या रचनेचा भाग होय. मालगुडीच्या प्रत्येक भागाच्या आरंभी वाजणारी ती शब्दहीन धून आणि लक्ष्मण यांची चित्रे यांचेही तेच. ती वगळली तर वेळ वाचतो आणि गावाची वेस नाहीशी होते.

आता घरगुती प्रतींचा क्रम पाहू. सर्वांत जुनी प्रत म्हणजे प्रक्षेपणाच्या वेळी कोणी हौशी गृहस्थाने आपल्या यंत्रावर उतरून घेतलेली फीत. १९८२ साली देशात रंगीत दूरदर्शन आले आणि त्या दशकात व्हिडिओची यंत्रे सुखवस्तू घरांत शिरली. या फितीचे चित्र मंद असते. तिची नक्कल केली की रंग आणखी फिके पडतात, आणि नकलेची नक्कल केली की चेहरे धुक्यात हरवतात. बटण दाबण्यास उशीर झाला, तर शीर्षकही हुकते. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांची अडचण तर वेगळीच होती. भारतातील चित्रपद्धती ६२५ रेषांची, अमेरिकेतील ५२५ रेषांची. त्यामुळे येथून प्रेमाने पाठविलेली फीत तेथील यंत्रावर दिसतच नसे. तिचे रूपांतर करून घ्यावे लागे, आणि त्या रूपांतरात चालत्या माणसाची चाल अडखळती होई. तरीही या प्रतींचे मोल फार आहे. त्यांत मालिका प्रक्षेपणाच्या दिवशी जशी दिसली तशी, क्वचित आगेमागे जाहिराती आणि निवेदनांसह, टिकून राहते.

त्यानंतर आली व्हीसीडी. १९९३ साली निश्चित झालेल्या या पद्धतीत एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्र मावते. २२ मिनिटांचा भाग धरला तर तीन भाग. किंमत अल्प, म्हणून भारतात तिचा प्रसार झपाट्याने झाला. परंतु जागा वाचविण्यासाठी चित्र पिळून काढावे लागते, आणि या पिळवणुकीत प्रथम बळी जातो तो बारीक व चंचल तपशिलाचा. झाडांची हलती पालवी आणि पावसाच्या धारा या पद्धतीला मुळीच सोसत नाहीत. त्यांचे चौकोनी ठिपके होतात. आगुंब्याच्या मालिकेतून पाऊस आणि झाडी वजा केली तर उरते काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

डीव्हीडीवरील चित्रात व्हीसीडीच्या सुमारे चौपट बिंदू असतात. तेवढ्यावरून तीच सर्वश्रेष्ठ प्रत असे मानण्याचा मोह होतो. तथापि तबकडी कोणत्या मूळ फितीवरून केली, हा प्रश्न तिच्या बिंदूंच्या संख्येपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. झिजलेल्या फितीची उत्तम नक्कल म्हणजे झीजच उत्तम रीतीने दाखविणे होय. सुंदर अक्षरात उतरविलेली अशुद्ध पोथी अशुद्धच राहते.

पुढे आंतरजाल आले आणि तबकडीही अडगळीत पडू लागली. चित्रफितीची नवी यंत्रे बनविणे तर २०१६ सालीच बंद झाले. आंतरजालावरील प्रत सर्वांस सुलभ, पण तिच्या कुळाचा पत्ता बहुधा लागत नाही. शिवाय एक नवा दोष उद्भवला. जुन्या दूरचित्रवाणीचा पडदा चारास तीन या प्रमाणाचा. नवा पडदा सोळास नऊ. नवा पडदा भरून टाकण्यासाठी जुने चित्र रुंदावले की वरखालचा एक चतुर्थांश भाग कापला जातो. कधी कपाळ जाते, कधी पायांखालची वाट जाते. पाहणाऱ्यास त्याचा पत्ताही नसतो, कारण पडदा तर पूर्ण भरलेला दिसतो.

एक भेद मात्र स्पष्ट ओळखता येण्याजोगा आहे. २००६ साली कविता लंकेश यांच्या दिग्दर्शनाखाली मालगुडीचे आणखी पंधरा भाग दूरदर्शनवर आले. ते स्वतंत्र कर्तृत्व आहे आणि त्याचे मूल्य स्वतंत्रपणेच ठरावे. जुने ३९ आणि नवे पंधरा असे चोपन्न भाग एका मालेत ओवताना कोठे एक हात थांबला आणि कोठे दुसरा सुरू झाला, हे संचावर नोंदविलेले असले म्हणजे पुरे.

ही सारी चिकित्सा कोणी हौसेचा खेळ म्हणून हसण्यावारी नेईल. परंतु तिच्यामागे एक गंभीर कारण आहे. दूरचित्रवाणीच्या फिती महाग असत आणि पुसून पुन्हा वापरता येत. जगातील अनेक प्रक्षेपणसंस्थांनी तसे केले आणि त्यात भारतही अपवाद राहिला नाही. ‘डॉक्टर हू’च्या साठाव्या दशकातील कित्येक भागांची चित्रे अशीच नाहीशी झाली, काही परदेशी केंद्रांना पाठविलेल्या प्रतींमुळे परत मिळाली. हरवलेल्या भागांचा आवाज मात्र शिल्लक आहे, आणि तो राखला कोणी? घरी बसून ध्वनिमुद्रण करणाऱ्या सामान्य प्रेक्षकांनी. संस्थेने गमावले ते चाहत्याने सांभाळले.

मालगुडीच्या बाबतीत कर्त्याला विचारून पाठ दुरुस्त करण्याची सोय उरलेली नाही. शंकर नाग ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेनजीक मोटार अपघातात गेले. वय अवघे पस्तीस. नारायण २००१ साली, स्वामीच्या आईची भूमिका करणाऱ्या वैशाली कासरवळ्ळी २०१० साली, लक्ष्मण २०१५ साली आणि कार्नाड २०१९ साली निवर्तले. शंकर नाग यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांनी उभारलेले ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह बेंगळूरुच्या जे. पी. नगरात २००४ साली सुरू झाले. शिवमोग्गा जिल्ह्यातील अरसाळू येथील रेल्वे स्थानकाच्या जुन्या इमारतीत, जेथे मालिकेचे काही चित्रण झाले होते, रेल्वेने २०२० साली मालगुडी संग्रहालय उघडले. त्याच्या सजावटीत पुन्हा जॉन देवराज यांचाच हात होता. नारायण यांच्या कल्पनेत प्रथम अवतरले ते रेल्वे स्थानकच. ते अशा रीतीने दगडमातीचे होऊन उभे राहिले. वास्तूचे जतन झाले, ही आनंदाची गोष्ट. चित्राचे जतनही तितक्याच निष्ठेने व्हावयास हवे.

त्यासाठी मार्ग जुनाच आहे. उपलब्ध सर्व प्रती एकत्र कराव्या. कोणती फीत कोणत्या फितीवरून निघाली त्याची वंशावळ मांडावी. इंग्रजी व हिंदी दोन्ही पाठ, शीर्षके आणि मूळ क्रम राखावा. आणि जे बदलले ते झाकून न ठेवता नोंदवावे. अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ या मालिकेची अंतराळदृश्ये २००६ पासून नव्याने बनविण्यात आली, तेव्हा पुढच्या तबकड्यांवर जुनी व नवी दोन्ही रूपे शेजारी शेजारी ठेवण्यात आली. निवड प्रेक्षकाने करावी, हा त्यातील विवेक अनुकरणीय आहे.

एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा ज्ञानेश्वरांच्या समाधीस जवळजवळ तीनशे वर्षे लोटली होती. चित्रफीत तेवढी वाट पाहत नाही. तिच्यावरील चुंबकीय लेप काही दशकांतच निकामी होऊ लागतो. ज्या घरांतील कपाटांत मालगुडीची एखादी जुनी फीत अजून पडून असेल, तेथे एका पोथीचे पान सुरक्षित आहे असे समजावे, आणि ते झडून जाण्यापूर्वी कोणा जाणत्याच्या हाती द्यावे.