बैतार, सालोत्री आणि जंगलातला डॉक्टर

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. माणूस आणि वन्यप्राण्यांच्या संघर्षामुळे हे प्राणी चंद्रपूर भागातून पकडून तिथे आणले होते. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये अहवाल आला, बर्ड फ्लू. कोंबड्यांचा म्हणून ओळखला जाणारा आजार वाघापर्यंत पोहोचला होता. बातमी काही दिवस गाजली. मला मात्र इतिहासाचा प्रश्न पडला. प्राण्यांचे वैद्यक आपल्याकडे शेकडो वर्षांपासून शिकवले जाते. मग त्यात जंगलातल्या जनावराची पाळी इतक्या उशिरा का आली?

अरबीत पशुवैद्याला ‘बैतार’ म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक आणि त्याचा अर्थ घोड्याचा वैद्य. १४व्या शतकात कैरोमध्ये अबू बक्र इब्न बद्र हा ममलूक सुलतान नासिर मुहंमद याचा प्रमुख बैतार होता. घोड्यांची निगा आणि उपचार यांवरचा त्याचा ‘कामिल अस-सिनाअतैन’ हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. आपल्या मुलखात यासाठी ‘सालोत्री’ हा शब्द रूढ झाला. तो आला अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानल्या गेलेल्या शालिहोत्रावरून. १५व्या शतकात बहमनी काळात अब्दुल्लाह बिन सफी याने शालिहोत्राच्या ग्रंथाचा फारसी तर्जुमा केला. संस्कृतातली विद्या फारसीत आली आणि दख्खनच्या तबेल्यांत वापरली गेली. या देवाणघेवाणीचा अभिमान वाटायलाच हवा. पण एक गोष्ट नजरेआड करू नये. वैद्य मिळाला तो घोड्याला, कारण घोड्याला धनी होता आणि फौजेला घोडा हवा होता.

इंग्रजी अमलातही हिशेब फारसा बदलला नाही. बुळकांडीने गुरे पटापट मरत होती, म्हणून १८७१ मध्ये आयोग अहवाल देऊन गेला. १८८९ मध्ये पुण्यात जिवाणूशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली आणि पुढे ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. १८८६ मध्ये पेटिट घराण्याच्या देणगीतून मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नागपूरचे महाविद्यालय स्वातंत्र्यानंतरचे, १९५८चे. या संस्थांनी शेतकऱ्याची गुरे वाचवली, हे मोठे काम आहे. पण बुळकांडी गोठ्यात थांबत नव्हती. १९६८ मध्ये दक्षिणेत बांदीपूर-मुदुमलाईच्या जंगलात तिने गव्यांचे कळप ओस पाडले. गव्याला धनी नव्हता. त्याच्या मरणाची नुकसानभरपाई मागायला कोणी कचेरीत गेला नाही.

आता चंद्रपूर-गडचिरोलीकडे पाहू. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये आणि दोन्ही मिळून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प. गडचिरोली १९८२ मध्ये वेगळा जिल्हा झाला. तिथे चपराळा आणि भामरागड ही अभयारण्ये आली. या सगळ्यात संवर्धन म्हणजे हद्द आखणे, पहारा ठेवणे, शिकार रोखणे. ते आवश्यकच होते. पण रोगाला हद्द कळत नाही. गावची गुरे जंगलाच्या कडेला चरतात, लाळ्या-खुरकूत त्यांच्याबरोबर जाते. गावची कुत्री रानात फिरतात, डिस्टेंपर त्यांच्याबरोबर जातो. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये हाच डिस्टेंपर आढळला होता. गडचिरोलीत कोलामार्काला रानम्हशींचा छोटासा कळप उरला आहे. २०१३ मध्ये ते क्षेत्र त्यांच्यासाठी राखीव झाले. मोजक्या जनावरांच्या अशा कळपात एक साथ शिरली, तर पहारा काय करणार?

गिधाडांच्या बाबतीत हेच घडले. पांढऱ्या पाठीची गिधाडे काही वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण शोधले ते शवविच्छेदनाने. अमेरिकी पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडे तपासली आणि २००४ मध्ये दाखवून दिले की गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध गिधाडांची मूत्रपिंडे निकामी करते. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी आणली. पुढे गडचिरोलीत वनविभागाने गिधाडांना सुरक्षित मांस देण्यासाठी ‘गिधाड उपाहारगृहे’ उभारली. बैलाच्या सांधेदुखीवरचे औषध आणि आभाळातले गिधाड यांचा संबंध कोणाला तरी लावता आला, म्हणून एवढे तरी झाले.

असा संबंध लावण्याच्या परंपरेत मुंबईच्या सलीम अलींचेही नाव आहे. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, तरी १९२९ मध्ये ते पक्षीशास्त्र शिकायला बर्लिनला गेले. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसेही आजारी पडली. गोचिडीतून पसरणारा हा विषाणू पक्ष्यांबरोबर बाहेरून आला का, या प्रश्नातून पक्ष्यांच्या स्थलांतराच्या अभ्यासाला बळ मिळाले आणि सलीम अलींनी ते काम उभे केले. त्याच रोगाला आज सिंधुदुर्गात माकडताप म्हणतात.

आता या कामाचा रीतसर अभ्यास आपल्या दाराशी आहे. नागपूरला २००० साली महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि गोरेवाड्याला त्याचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. वाट लांब आहे. नीट परीक्षा, मग साडेपाच वर्षांची पशुवैद्यकाची पदवी आणि त्यानंतर दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण. त्यात बेशुद्धीच्या औषधाची मात्रा, रक्त आणि विष्ठेची तपासणी, शवविच्छेदन, साथीचा माग हे शिकावे लागते.

आपल्या समाजाने याकडे वेगळ्या नजरेने पाहावे, असे मला वाटते. कुरेशी घरातला मुलगा जनावराच्या डोळ्यांवरून आणि चालीवरून आजार ओळखतो. कोंबडीच्या दुकानात वाढलेल्याला पक्षी सुस्त झालेला लगेच कळतो. ही ओळख पिढ्यानपिढ्या बाजारातच राहिली, तिला पदवी मिळाली नाही. गोरेवाड्याच्या वाघांच्या बाबतीत संशय खाद्यातल्या मांसावर घेतला गेला, म्हणजे दुकान आणि जंगल यांचा संबंध आता सांगायलाही नको. हे दोन्ही टोक जाणणाऱ्या मुलामुलींची या विषयाला गरज आहे.

सूरह अल-अनआममध्ये जमिनीवरच्या प्राण्यांना आणि पंखांनी उडणाऱ्या पक्ष्यांना आपल्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. दमास्कसमध्ये म्हाताऱ्या, निकामी घोड्यांना मरेपर्यंत चरता यावे म्हणून कुरण वक्फ केले होते, असे सांगतात. ज्याच्यापासून आता काहीच मिळणार नाही, त्या जनावरासाठी खर्च करण्याची ती रीत होती. आपण शिष्यवृत्ती डॉक्टर आणि इंजिनिअर होणाऱ्यांना देतो, ती द्यावीच. यंदा त्या यादीत पशुवैद्यक शिकणारी एखादी मुलगीही असू द्या. कोलामार्काच्या रानम्हशीला धनी नाही, पण तिची नाडी पाहणारे कोणीतरी आपल्या घरातून जाऊ शकते.