दंत-इम्प्लांटची लांबी आणि जबड्याचे हाड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

रत्नागिरीजवळील काळबादेवी किनाऱ्याच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज आढळते. हा धातू हाडाशी घट्ट सांधला जातो, हे स्वीडनमधील ब्रॉनेमार्क यांनी १९५२ मध्ये सशाच्या हाडात पाहिले व १९६५ मध्ये मानवी जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसविले. आरंभी लांब इम्प्लांट अधिक स्थिर मानले जाई. कारण लांबीबरोबर हाडाशी संपर्क वाढतो. पुढे संगणकीय ताणविश्लेषणातून दिसून आले की, चावण्याचा ताण मुख्यतः इम्प्लांटच्या मानेलगतच्या हाडात एकवटतो व तो घटविण्यात लांबीपेक्षा व्यास अधिक प्रभावी ठरतो. परिणामी, दात गेल्याने झिजलेल्या जबड्यात हाड भरण्याची शस्त्रक्रिया अनेकदा टाळून आखूड इम्प्लांट वापरता येऊ लागले. लांबीचा आग्रह सुटणे, हा रुग्णहिताचा महत्त्वाचा टप्पा होय.